फिशप्लेटीतला मासा

“मासा दाखव! अरे, कुठंय मासा? मला दिसत नाही, तू दाखव!”

साहेब रुळांच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. हातातली छडी रुळाच्या सांध्यावर ठणाठण आपटत होते, आणि आवाज असा की सोनगीरच्या किल्ल्यावरची वटवाघळं दिवसाढवळ्या उडाली असतील. आमची धुळे-चाळीसगाव पॅसेंजर त्या लहानशा स्टेशनात उभी होती. साहेबांची ट्रॉली नुकतीच रुळावरून उचलून बाजूला ठेवलेली. इंजिन फुसफुसत होतं. स्टेशनमास्तरच्या हातात हिरवी झेंडी होती, पण साहेब ओरडत असताना ती वर करायची त्याची छाती होत नव्हती. प्रत्येक खिडकीत तीन तीन डोकी. त्या मरतुकड्या गाडीतून एवढी माणसं जातात हे मला त्या दिवशीच कळलं.

साहेबांसमोर तीन माणसं रांगेनं उभी होती. कडेच्या दोघांनी माना खाली घातलेल्या. मधला, निळ्या सदऱ्यातला, गळ्यात तुळशीची माळ असलेला, पन्नाशीकडं झुकलेला माणूस मात्र रुळाच्या सांध्याकडं टक लावून बघत होता. जणू साहेब एवढं म्हणतायत तर निघेलही एखादा मासा.

“अठरा वर्षं चावीवाला आहेस तू! आणि फिशप्लेटला तेल कसलं लावतोस विचारलं तर म्हणे माशाचं! याला मुकादम करायचं? उद्या टोळीला रुळावर जाळं टाकायला लावेल हा!”

सगळी गाडी हसली. पहिल्या डब्यापासून गार्डापर्यंत हसू असं सरकत गेलं, जसं इंजिन लावताना डब्यांना धक्का बसत जातो. मीही हसलो. तिसऱ्या डब्यातल्या दुसऱ्या खिडकीत बसून, दात दिसतील असा.

आणि तो मासा तर मीच सोडला होता.

*

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी पंचवीस-सव्विशीचा, धुळ्याला राहत होतो आणि या लाइनवरच्या एका गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवत होतो. रोज सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. आमच्याकडं याला अपडाऊन म्हणतात, आणि अपडाऊन करणारांची एक स्वतंत्र जातच असते. तिचा डबा ठरलेला, बाक ठरलेला, पत्ते ठरलेले, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. कुणी शेंगदाणे आणायचे, कुणी पेपर आणायचा. माझं काम थापा मारायचं.

हे मी लाजत सांगतोय, पण तेव्हा मला त्याचा गर्व होता. माझ्या थापा ऐकायला माणसं पुढच्या डब्यातून येत. मी सांगायचो, वैशाखात आपल्याकडचा रूळ उन्हानं इतका लांबतो की धुळ्यातून निघालेलं त्याचं टोक चाळीसगावात फलाटावर चढतं, आणि पौषात थंडीनं आखडून परत घरी येतं. मी सांगायचो, फैजपूरची केळी दिल्लीला पाठवताना एका वॅगनमध्ये एक म्हातारा चुकून कोंडला गेला. चार दिवस केळी खाऊन तो दिल्लीत उतरला तेव्हा पंचविशीतला दिसत होता, आणि बायकोनं त्याला घरात घेतलंच नाही. लोक हसत. लोक हसले की मला पुढची सुचे. माझ्यात दुसरी कुठलीही विद्या नव्हती. आणि सर्वांत मोठा बेरकीपणा कुठला, तर मी मधूनमधून एखादी खरी गोष्टही सांगत असे. आगगाडीतला बर्थ हा मुळात जहाजावरचा शब्द, हे मी सांगितलं होतं आणि ते खरं होतं. त्या एका खऱ्याच्या जोरावर माझी पन्नास खोटी खपत.

बाकावर माझ्यासमोर एक तलाठी बसायचा. त्याला सगळे आप्पा म्हणत. मी थाप मारायची आणि आप्पानं तिला खालून लाकडं सारायची, अशी आमची जोडी होती.

आता त्या लहान स्टेशनाचं. तिथं आमचं इंजिन पाणी प्यायचं. दहा मिनिटं, कधी पंधरा. या पंधरा मिनिटांत फलाटाच्या कडेला एक माणूस रोज दिसायचा, तोच हा चावीवाला. मी त्याला नाना म्हणत असे. चावीवाल्याचं काम असं, की रोज सकाळी हातोडा, मोठा पाना आणि दोन झेंड्या घेऊन आपल्या वाट्याच्या सहा किलोमीटर रुळावरून चालत जायचं आणि तेवढंच चालत परत यायचं. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या, बोल्ट ढिले झाले असतील तर आवळायचे. पाऊस असो, ऊन असो. नानाचे कान असे तयार होते की हातोडा मारल्यावर रूळ काय बोलतो ते त्याला कळायचं. ही थाप नाही. मी स्वतः बघितलंय, तो एका सांध्याशी थांबला, एकदा ठोकलं, मान हलवली आणि वाकून बोल्ट फिरवला. बोल्ट खरंच ढिला होता.

पण त्याचा उजवा गुडघा गेला होता. सुजून नारळाएवढा झालेला. गुडघ्याला तो बाहेरून बांबूच्या दोन कांब्या लावायचा आणि वरून फडकं गुंडाळायचा. तशा पायानं रोज बारा किलोमीटर खडीवरून. मुकादम झाला असता तर हे सुटलं असतं. मुकादमानं मजुरांच्या टोळीबरोबर एका जागी उभं राहायचं, हुकूम सोडायचे, काम बघायचं. आणि त्या हिवाळ्यात त्या भागात मुकादमाची एक जागा निघणार होती. एकच. साहेब स्वतः येऊन तोंडी परीक्षा घेणार होते.

दिवाळी नुकतीच झाली होती. इंजिन पाणी पीत होतं. नाना आमच्या खिडकीपाशी आला, टोपी काढली, परत घातली.

“मास्तर, एक इचारू का?”

“विचारा की नाना.”

“हाई फिशप्लेट म्हंतस ना, तिनामा मासा कोठे शे?”

फिशप्लेट म्हणजे दोन रुळांची टोकं जिथं भेटतात तिथं दोन्ही बाजूंनी लावलेली लोखंडी पट्टी. एका सांध्याला दोन पट्ट्या, चार बोल्ट. नानाच्या हाताखालून त्या रोज शेकड्यानं जायच्या.

आप्पानं पत्ते खाली ठेवले. “का हो नाना, माळकरी माणूस आणि दिवसभर मासे हाताळता काय?”

डबा हसला. नाना हसला नाही. “तसं नही आप्पा. तो नवा सायेब नुस्तं काम नही इचारस. हाई नाव काबरं पडनं तेबी इचारस. आते माले इंग्रजी कोठे येस? मास्तरले येस. म्हनीसन इचारं.”

आणि माझ्याकडं बघितलं. शाळेत शेवटच्या बाकावरचं पोरगं हुशार पोराच्या वहीकडं बघतं तसं.

मला माहीत नव्हतं. फिशप्लेटीला फिशप्लेट का म्हणतात, याची मला काडीचीही माहिती नव्हती. “मला ठाऊक नाही नाना, बघून सांगतो.” एवढं म्हणायला किती श्वास लागतो? पण बाकाबाकावरून माना वळलेल्या होत्या, आप्पाचे डोळे चमकत होते, आणि मला इंग्रजीतलं काही येत नाही असं मी त्या डब्यात कधी म्हटलंच नव्हतं. मी घसा खाकरला.

“ऐका तर मग. एक होता इंग्रज कप्तान. सुरतेहून त्याचं जहाज निघालं. तापी समुद्राला मिळते ना, तिथं वादळ आलं. असलं वादळ की जहाजाची डोलकाठी मधोमध कडाडकन मोडली. जहाजावर दुसरं लाकूड नाही. सगळे खलाशी देवाचं नाव घ्यायला लागले. तेवढ्यात समुद्रातून एक मासा उडाला आणि जहाजावर येऊन पडला. केवढा? आपल्या गाडीचे दोन डबे घ्या आणि त्याला शेपूट लावा.”

“बापरे,” आप्पा म्हणाला. लाकडं सारली.

“कप्तानानं काय केलं, त्या माशाच्या पाठीचा कणा काढला. मधोमध चिरला. एक फाक या बाजूनं, एक त्या बाजूनं, अशी मोडक्या डोलकाठीला लावली आणि दोरानं आवळली. जहाज सुखरूप विलायतेला पोहोचलं. पुढं या कप्तानाचा मुलगा रेल्वेत इंजिनियर झाला. त्याला दोन रूळ जोडता येईनात. बाप मरायला टेकलेला. मुलगा म्हणतो, बाबा, काय करू? बाप डोळे उघडतो आणि म्हणतो, फिश! आणि मरतो. झाली फिशप्लेट.”

डबा गडगडला. इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. एवढी मोठी थाप साहेबाला सांगितली असती तरी साहेब हसला असता आणि पुढचा प्रश्न विचारला असता. पण आप्पानं आणखी एक लाकूड सारलं.

“आणि मास्तर, ते काळं तेल येतं ना ड्रममधून, फिशप्लेटीला लावायचं? ते?”

हिवाळ्यात फिशप्लेटी उघडून साफ करतात. आधी पेन्सिलीतल्या शिशाची पूड रॉकेलात कालवून तिचा एक हात देतात, मग वरून काळ्या तेलाचा. उन्हाळ्यात रूळ लांबला की सांध्यात मोकळेपणानं सरकावा म्हणून. हे सगळं मला नानानंच सांगितलेलं. पण ड्रममधलं काळं तेल कसलं असतं ते नानालाही कुणी सांगितलं नव्हतं. ड्रम यायचा, ते लावायचे.

“आता तुम्हीच विचार करा,” मी आवाज खाली आणून म्हणालो. गुपित सांगताना मी नेहमी आवाज खाली आणायचो. “खाऱ्या पाण्यात राहून ज्याला गंज चढत नाही असा जिन्नस कोणता? मासाच ना? त्याचंच तेल ते. मुंबईच्या बंदरात उतरतं, तिथून गाडीनं येतं. लिहून येत नाही, का? तर तुमच्यासारखी माळकरी माणसं हात लावणार नाहीत.”

नाना आपल्या हातांकडं बघत राहिला. नखांच्या कडांना ते काळं कायमचं बसलेलं होतं.

“बठ्ठं तेल?”

“बठ्ठं,” मी त्याच्याच बोलीत म्हणालो, “सगळंच.”

“मी याच हातवरी भाकर खास, मास्तर.”

गाडीनं शिट्टी दिली. डबा इतका हसला की आप्पाला ठसका लागला आणि त्याच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. मी खिडकीतून हात हलवला. नानानंही हलवला, पण अर्धाच. मग परत त्या हाताकडं बघितलं.

*

त्यानंतरचे दोन महिने मी जे बघितलं ते तेव्हा मला गमतीचं वाटलं होतं.

लाइनवर टोळीचं तेल लावायचं काम सुरू झालं, तेवढे दिवस नानाही टोळीबरोबर असायचा. गाडी हळू जायची तेव्हा खिडकीतून दिसायचं. बाभळीच्या एका फांदीला नानाची तुळशीची माळ टांगलेली. तेल लावताना तो ती काढून ठेवायचा. सकाळी न्याहारीच्या सुट्टीत टोळीतले बाकी लोक हात झटकून भाकरी सोडायला लागायचे, आणि नाना लांब बसून मातीनं हात घासायचा. माती, मग राख, मग पाणी, परत माती. एकदा तर गाडी सिग्नलला थांबली होती ती निघेपर्यंत त्याचं हात घासणंच चाललं होतं. बाकीच्यांच्या भाकऱ्या संपल्या होत्या.

“बघा, बघा,” मी डब्यातल्या लोकांना दाखवलं. “मासे धुतायत.”

माझं हे वाक्य फार गाजलं. चाळीसगावपर्यंत गेलं.

आणि मग तो दिवस. संक्रांत होऊन गेली होती, हवेत गारठा होता, साहेब कानटोपी घालून ट्रॉलीवरून आले. परीक्षा ऑफिसात न घेता रुळावरच घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. आणि आमची गाडी समोर येऊन उभी राहिली. आधीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं नानानं बरोबर दिली असणार, कारण आम्ही आलो तेव्हा साहेबांचा चेहरा शांत होता आणि ते मान डोलवत होते. फिशप्लेट उघडण्याआधी काय करायचं, लाल झेंडी किती अंतरावर लावायची, कोणता बोल्ट आधी. नाना खणखणीत सांगत होता. मग साहेबांनी विचारलं, पहिला हात कशाचा? शिसं न रॉकेल. बरोबर. दुसरा?

नाना थांबला.

ती थांबलेली घटका मी खिडकीतून बघितली. त्याचं तोंड उघडलं होतं, एक शब्द जिभेवर आलेला दिसत होता, आणि मग त्यानं तो गिळला. त्याची नजर वर आली, गाडीवरून फिरली आणि माझ्या खिडकीवर येऊन टेकली. मग तो म्हणाला, “माश्यानं तेल, सायेब.”

पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

पण एक राहिलं. ओरडून ओरडून साहेब दमले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचा खालचा आवाज जास्त वाईट होता.

“कुणी सांगितलं तुला हे?”

मी हातातला पेपर चुरगाळला. खिडकीपासून साहेब वीस पावलांवर. दार चार पावलांवर. खाली उतरायचं आणि म्हणायचं, साहेब, मी सांगितलं, मी मास्तर आहे, थाप मारली, याचा दोष नाही. अकरा शब्द. ज्या माणसाला एका माशावर अर्धा तास बोलता येतं, त्याला अकरा शब्द जड नव्हते. साहेब मला काय करणार होते? मी त्यांचा नोकर नव्हतो. फार तर हसले असते. हसले असते, हेच. एवढीच भीती होती. सगळी गाडी माझ्यावर हसली असती.

“कोनीच नही, सायेब,” नाना म्हणाला. “मनाच डोकामा उनं.” माझ्याच डोक्यात आलं, म्हणे.

तेव्हा मी खिडकीची झडप खाली ओढली. लाकडी झडप होती ती. अडकायची. मी जोर लावून ओढली.

गाडी हलली. आप्पानं माझ्या मांडीवर थाप मारली. “मास्तर, मासा गळाला लागला की!”

आणि मी हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. त्या दिवशी शाळेत गेल्यावर शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट मी सांगितली, साहेबांची नक्कल करून, छडीच्या जागी लाकडी पट्टी आपटत. नक्कल चांगली झाली. मुख्याध्यापकांनी दुसऱ्यांदा करायला लावली. मी केली.

*

मुकादमाची जागा रांगेतल्या तिसऱ्या माणसाला मिळाली. तो नानापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. आता तो बाभळीखाली उभा राहून हुकूम सोडायचा आणि नाना आपल्या कांब्या बांधलेल्या गुडघ्यानं सहा जाऊन सहा येणं करायचा.

गाडी येताना दिसली की चावीवाला रुळापासून बाजूला होतो. नाना तसा बाजूला व्हायचा आणि गाडी जवळ आली की हात वर करायचा. ही त्याची पूर्वीपासूनची सवय. मला वाटलं आता करणार नाही. त्यानं ते सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशीही त्यानं हात वर केला. तिसऱ्याही. मी डब्यातली बाजू बदलली. आप्पाला सांगितलं, तिकडं ऊन लागतं.

“मास्तर,” आप्पा म्हणाला, “सकाळी ऊन याच बाजूला असतं.”

मी पत्ते पिसले.

थापाही आटल्या. लोक म्हणत, मास्तर, काढा काहीतरी. मी काढायचो, पण गोष्ट मधेच कुठंतरी लंगडायची आणि मग सगळेच पेपर वाचायला लागायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धुळ्यात एका वाचनालयात गेलो. तिथं इंग्रजीचा एक कोश होता, दोन हातांनी उचलावा लागे असा, पाठीचं कातडं सुटलेला. दुपारची वेळ, वर पंखा कुरकुरतोय, आणि मी ते पान उघडलं. फिश हा शब्द तिथं दोनदा होता. एक आपला नदीतला मासा. आणि त्याच्या खाली दुसरा, वेगळ्या आकड्यानं. त्याचा माशाशी काही संबंध नाही. तो खलाशांचा शब्द. डोलकाठीला तडा गेला की तिच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या लांब फाका लावून वरून दोरानं आवळत. त्या फाकेला फिश म्हणत. हा शब्द बहुधा फ्रेंचांकडून आलेला, आणि त्याचा अर्थ घट्ट बसवणं, रोवणं, पक्कं करणं. पुढं रूळ आले, रुळांची टोकं जोडायला दोन्ही बाजूंनी पट्ट्या आल्या, आणि जहाजावरचा तो शब्द जमिनीवर उतरून लोखंडाचा झाला.

मी तीनदा वाचलं. डोलकाठी होती! जहाज होतं! दोन्ही बाजूंनी लावलेल्या दोन फाका होत्या! माझी थाप अर्धी खरी निघाली होती. आणि आता हे लिहायलाच हवं म्हणून लिहितो, की मला आनंद झाला. खराखुरा आनंद. मी खुर्चीत टेकून बसलो आणि मनात म्हटलं, म्हणजे मी तसं काही फार चुकीचं सांगितलं नव्हतं. फक्त मासा तेवढा जास्तीचा. फक्त तेल. नानाला सांगू, शब्द जहाजावरचाच आहे, मास्तरनं बरोबर सांगितलं होतं, साहेबालाच माहीत नव्हतं.

ही वाक्यं मी घरी जाताना घोकत गेलो. रस्त्यात नानाच्या गुडघ्याच्या कांब्या आठवल्या, या अंगाला एक, त्या अंगाला एक, वरून फडकं. कोशातलं ते सगळं वर्णन माझ्या डोळ्यांसमोर रोज लंगडत जात होतं, आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं. घोकणं थांबलं. पण नानाकडं मी तेव्हाही गेलो नाही. पावसाळा झाला. पोळा झाला. दिवाळी झाली. रोज गाडी तिथं पाणी प्यायची आणि मी रोज दुसऱ्या बाजूला तोंड करून बसायचो.

पुन्हा तेल लावायचे दिवस आले. एका शनिवारी शाळा लवकर सुटली, मी दुपारच्या गाडीनं परत निघालो आणि खिडकीतून बाभळीच्या फांदीवर ती माळ दिसली. साहेब एवढे ओरडले होते, मासा नाही म्हणून सगळ्या मुलखाला ऐकू गेलं होतं, आणि तरी ती माळ फांदीवरच होती.

स्टेशनात गाडी थांबली तसा मी उतरलो. आप्पा वरून म्हणाला, “मास्तर, कुठं?” मी रुळाच्या कडेनं मागं चालत गेलो. खडीवरून चालणं किती कठीण असतं हे दोन्ही गुडघे चांगले असून मला दहा पावलांत कळलं.

टोळी लिंबाखाली बसून जेवत होती. नाना एकटाच एका सांध्यापाशी दगडावर बसला होता, दुखरा पाय लांब करून. मांडीवर उघडलेली फिशप्लेट, हातात तारेचा ब्रश. शेजारी तेलाचा डबा. मला बघून त्यानं ब्रश थांबवला.

“मास्तर. या.”

“नाना, ते तेल माशाचं नाही. कधीच नव्हतं. मी थाप मारली होती.”

“हा,” नाना म्हणाला आणि ब्रश परत चालू केला.

मला वाटलं तो चिडेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी करून आलो होतो. तो पट्टी घासत राहिला. मग मी माझं कोशातलं सुरू केलं. जहाज, डोलकाठी, दोन फाका, फ्रेंच. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येत होता. डब्यातला तोच. मध्ये मध्ये थांबणारा, खाली येणारा. मी बोलणं आवरतं घेतलं.

“म्हणजे मासा नाहीच त्यात, नाना. नुसती पट्टी.”

“पट्टीच शे ती,” नाना म्हणाला. पट्टी उजेडात धरून बघितली, गंज राहिलाय का ते.

“मी साहेबांकडं येतो. त्यांच्यासमोर सांगतो. लिहून देतो, पाहिजे तर.”

“त्यासनी बदली व्हई गयी. मार्चमाच.”

तेलाच्या डब्यातून वास येत होता. डांबराचा, सरळ सरळ डांबराचा. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो तरी नाकात भरत होता. माझ्यासारख्या माणसालाही क्षणात कळावा असा.

“नाना,” मी विचारलं, “अठरा वर्षं तुम्ही हे तेल हातानं लावलं. याला डांबराचा वास येतो. तुम्हाला तर माहीत असणार की हे माशाचं नाही. मग त्या दिवशी साहेबांना नुसतं काळं तेल म्हणून का नाही सांगितलं?”

नानानं फडक्याला हात पुसले. डब्यात बोट बुडवलं, पट्टीवर आडवं ओढलं, आणि मान वर न करता म्हणाला,

“तुमी सांगेल व्हतं ना.”